फोटो नसलेली आई

"फोटो द्या," नेहमीच्या सवयीने मी म्हणाले आणि हात पुढे केला.

समोर बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघं सख्खे भाऊ-बहीण. भाऊ सत्तरीला टेकलेले, रेल्वेतून निवृत्त होऊन मनमाडलाच घर केलेले. बहीण तीन-चार वर्षांनी धाकटी, इथे नाशिकमध्ये इंदिरानगरला राहणारी. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या तोंडी ते 'काका' आणि त्या 'काकू' झाले होते. त्यांना त्यांच्या आईचं तैलचित्र हवं होतं.

"फोटो नाही," काका म्हणाले. "एकही नाही. कधी काढलाच नाही तिचा. मी मराठी शाळेत होतो तेव्हा ती गेली. तापाचं निमित्त झालं. ही तर शाळेतही जात नव्हती."

"मग मी कशावरून काढू?"

काकांनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट फिरवलं आणि मग तेच बोट बहिणीकडे नेलं. "आम्ही दोघं आहोत ना. आमच्यात असेलच की ती कुठेतरी. तेवढी बाहेर काढा."

असलं काम होत नसतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तोवर माझी नजर काकूंच्या कपाळावर गेली होती, तिथून काकांच्या कपाळावर. तेच रुंद, गोलसर कपाळ. केसांची सुरुवात दोघांचीही मधोमध जराशी खाली उतरलेली. परीक्षेत न पाहिलेला प्रश्न यावा आणि उत्तर आपल्याला येतंय असं अचानक वाटावं, तसं मला झालं.

"उद्या सकाळी याल?" मी विचारलं. "दोघंही. आणि बसायची तयारी ठेवा."

ते गेले आणि मी खोलीभर फिरत राहिले. माझा स्टुडिओ म्हणजे मखमलाबाद रस्त्याला एका पिठाच्या गिरणीवरची खोली. उत्तरेला मोठी खिडकी आहे म्हणून घेतलेली. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरते आणि ब्रशचा डबा किणकिणतो. त्या दिवशी गिरणी बंद होती, तरी मला सगळं थरथरल्यासारखंच वाटत होतं. कारण सांगते. गेली कित्येक वर्षं मी फोटोवरून पोर्ट्रेट करत होते. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन घरचे येणार. मी तो मोठा करून समोर लावणार. साडीचा रंग बदला, चष्मा काढा, जरा हसरं करा, हे ऐकणार आणि चित्र देणार. हात चालत होता, पण मी पाहत नव्हते. फोटोत जे असतं ते आधीच कोणीतरी पाहून ठेवलेलं असतं. आणि मी तर या धंद्यात पाहण्यासाठी आले होते.

पाहण्याचं वेड मला फुलबाजारात लागलं. आमची शेती फुलांची. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब. पहाटे वडिलांबरोबर मी गणेशवाडीच्या बाजारात जायचे आणि टोपल्यांच्या मागे बसायचे. समोरून माणसं जायची आणि खालून, झेंडूच्या ढिगावरून उन्हाचा पिवळा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडायचा. एकदा एक काळीसावळी बाई फुलं निवडायला वाकली आणि तिच्या जबड्याखाली सोन्यासारखं काहीतरी चमकलं. मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, त्या बाईच्या गळ्याला फुलांचा रंग लागलाय." वडिलांनी पाहिलं, त्यांना काही दिसलं नाही. पण ते "नाही" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला दिसतंय ना? मग असेल."

एवढं एक वाक्य माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाला पुरलं.

नंतर पंचवटीत एक बोर्ड रंगवणारे पेंटर भेटले. दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांचे कापडी फलक असं काम करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या शिडीखाली उभी राहायचे. एवढा प्रचंड चेहरा ते जवळून रंगवायचे, तिथून त्यांना तो दिसतसुद्धा नसणार, आणि तरी रस्त्यापलीकडून पाहिलं की माणूस जिवंत! पुढे चित्रकलेच्या कॉलेजात आमच्या सरांनी या जादूचं मर्म सांगितलं. मी कोळशाने नाक-डोळे रेखत बसले होते. सरांनी माझ्या कागदावर तळहात ठेवून सगळा कोळसा पुसून टाकला आणि म्हणाले, "चेहरा काढू नकोस. डोकं काढ. डोकं बरोबर बसलं की चेहरा आपोआप येऊन त्याच्यावर बसतो."

तर दुसऱ्या दिवशी मी डोकी काढायला बसले.

काका खुर्चीत ताठ, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे. काकू शेजारी. मी कोळशाने आधी एकाचं डोकं काढलं, मग दुसरीचं, समोरून, बाजूने, पाऊण बाजूने. दुपारपर्यंत जमिनीवर कागदच कागद झाले. दोघांत सारखं काय ते दिसू लागलं होतं: कपाळ, गालांची रुंद हाडं, कानाच्या सुट्या पाळ्या. पण यातलं आईचं किती आणि वडिलांचं किती?

"वडिलांचा फोटो आहे का?" मी विचारलं.

"आहे की. रेल्वेच्या ओळखपत्रावरचा."

काकांनी मोबाइलमध्ये तो दाखवला आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. वडिलांचा चेहरा लांबट, अरुंद. गाल बसलेले. कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या. कपाळ चिंचोळं. नाक मात्र थेट काकांचं.

"काका, तुमचं नाक वडिलांचं. ते काढून टाकू. काकू, तुमची हनुवटी वडिलांची. तीही जाऊ दे. उरलं ते आईचं!"

काकू हसू लागल्या. "म्हणजे आमच्यातून बाबांना वजा करायचं?"

"हो. वजाबाकी!"

त्या दिवशी मला जेवायचीही आठवण राहिली नाही. काका-काकू गेल्यावर मी वजाबाकी करून उरलेले तुकडे एका डोक्यावर बसवत होते. कपाळ बसलं, गाल बसले, कान बसले. हातातला कोळसा संपून बोटं कागदावर घासत होती. चेहरा अजून कोणाचाच नव्हता, पण कोणीतरी येऊ घातलं होतं, हे नक्की.

मग आठवणींचा घोळ सुरू झाला. काका म्हणत आई गोरी होती. काकू म्हणत सावळी. काका म्हणत ओठ जाड, काकूंना ओठच आठवत नव्हते. दोघं माझ्या देखत लहान मुलांसारखी भांडली.

"दादा, तुला काय माहीत? तू सारखा बाहेर हुंदडत असायचास."

"आणि तू? तुझं वय काय होतं तेव्हा?"

मी विचारायची पद्धत बदलली. नाक कसं होतं, ओठ कसे होते, हे सोडलं. म्हटलं, "काका, ती तुम्हाला अगदी जवळून दिसली असा एखादा क्षण सांगा."

काकांनी डोळे मिटले. खाली गिरणीत कोणाचं तरी दळण पडत होतं. मग म्हणाले, "न्हाऊ घालायची. मी पाटावर बसलेलो. डोळ्यांत साबण जायचा म्हणून मान वर करायचो. वर तिचं तोंड. इथून असं दिसायचं." त्यांनी हाताने हनुवटीची खालची बाजू दाखवली. "आणि नाकाची दोन भोकं. हसू नका."

मी हसत नव्हते. मी उभी राहिले होते. काकूंनाही विचारलं, तर त्यांची आठवण कडेवरची निघाली: आईचा कान, कानामागचे मोकळे केस, मान. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आईचा समोरून, बरोबरीने पाहिलेला चेहरा नव्हता. कुठून असणार? मुलं आईला खालूनच पाहतात. आणि मी आठवडाभर तिला खुर्चीत समोर बसवायला निघाले होते!

"काकू, उभ्या राहा. खिडकीपाशी. थोडं वाका, पाटावर कोणी बसलंय असं समजून."

मी स्वतः जमिनीवर बसले आणि वर पाहिलं. हनुवटीखालचा भाग फरशीवरून उसळलेल्या उजेडाने भरला होता. गालांची रुंद हाडं वरून बाहेर आली होती, कपाळ मागे सरकून लहान झालं होतं आणि डोळे पापण्यांखालून माझ्याकडे बघत होते. फुलबाजारातून मी जन्मभर असाच तर उजेड पाहत आले होते. मी काकांनाही खाली बसायला लावलं. गुडघे धरत ते माझ्याशेजारी टेकले, वर पाहिलं, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट आवळला गेला.

"हेच," ते म्हणाले. "हेच, हेच."

कॅनव्हास लावला. बर्न्ट सिएनाच्या, भाजलेल्या मातीसारख्या तांबूस तपकिरी, पातळ रंगाने मांडणी केली आणि पुढचे दिवस मी जमिनीवर बसूनच रंगवलं. सकाळी उजेड आला की सुरुवात, तो पिवळा पडला की बंद. गालांवर पिवळी माती आणि थोडा लाल, हनुवटीखाली उजळ गेरू. पाठ मोडून आली, पण ब्रश हातात धरला की दुखणं विसरायला होत असे. चित्रात एक बाई वाकून खाली बघत होती. काकू रोज येत, चित्राला पाहून डोळे पुसत. काका मनमाडहून पॅसेंजरने येऊन-जाऊन करत. मला वाटलं, झालंच आता.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "एकदा मावशीला दाखवायचं का?"

"कोणती मावशी?"

आईची सख्खी धाकटी बहीण सिन्नरजवळच्या एका खेड्यात होती. ऐंशी ओलांडलेली. मला पहिल्याच दिवशी हे का सांगितलं नाही, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. काका ओशाळले. म्हणाले, "आई गेली आणि आजोळ तुटल्यासारखंच झालं. लग्नकार्याला भेट होते तेवढीच. आणि ती आता कोणाला ओळखते की नाही, कोण जाणे."

काकूंच्या जावयाची गाडी काढली. ओला कॅनव्हास मागच्या सीटवर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. रंग लागू नये म्हणून काका पुढे, काकू दाराला चिकटून. सिन्नरच्या पुढे रस्ता खड्ड्यांचा होता आणि प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत होते.

मावशी, म्हणजे माझ्या तोंडी आजी, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ओळखतात की नाही हा प्रश्नच नव्हता. काकांना पाहताच म्हणाल्या, "आली का मनमाडची रेल्वे? वाट चुकली का काय?" मग पाणी, चहा, चौकशा. शेवटी मी कॅनव्हास भिंतीला टेकवला आणि बाजूला झाले.

आजींनी डोळे बारीक केले. पुढे वाकल्या. आणि खदखदून हसल्या.

"आरं, ही तर आमची म्हातारी हाय! आमची आई! हुबेहूब!"

"नाही मावशी," काकू म्हणाल्या, "ही आमची आई. तुझी बहीण."

"तुही आई?" आजींचं हसू थांबलं. "येडी का काय गं? ती कुठं इतकी म्हातारी झाली? पोरगी व्हती ती, पोरगी! माझ्याहून दोन वरसांनी थोरली. पंचविशीपण नीट सरली नव्हती. तिच्या गालावर कुठं आल्या सुरकुत्या?"

काका चित्राकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. आई म्हणजे मोठी, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही. त्या दोघांचे चेहरे घेतले, बाबा वजा केले, पण वय वजा करायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सत्तरीच्या मुलाची आई म्हणून मी आपोआप तिला साठीत नेऊन ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती काकांच्या मुलीहूनही लहान होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. इतक्या दिवसांचं काम चुकलं होतं. पण मला खरंच उड्या मारायच्या होत्या! कारण आजींनी म्हटलं होतं, हुबेहूब. माझ्या वजाबाकीने त्या घराण्याचं डोकं बरोबर सापडलं होतं, इतकं बरोबर की मी कधीही न पाहिलेली, दोघांची आजी कॅनव्हासवर येऊन बसली होती. हाडं खरी होती. आता फक्त त्यांच्यावर तरुण मांस चढवायचं होतं.

मी आजींच्या पुढ्यात मांडी घातली. "आजी, सांगा. रंग?"

"सावळी. माझ्यापरीस थोडी उजळ."

म्हणजे दोघंही बरोबर होते. "ओठ?"

"ओठ कुनी पाहिले! लय हसायची. म्होरच्या दातांत फट व्हती, म्हून हसताना पदर धरायची तोंडाला. सासूनं सांगितलं व्हतं, बाईनं दात दाखवू नये."

काका हळूच म्हणाले, "पदर... हो. पदराच्या आत हसायची. मला वाटायचं तोंड पुसतेय."

परतताना गाडीत मी एकच गोष्ट विचारत होते: घरात पंचविशीचं कोण आहे? काकूंची नात होती. मुलीची मुलगी, पुण्याला कंपनीत. रविवारी ती आली. आखूड केस, जीन्स, कानात इअरफोन. "मला नुसतं बसणं जमत नाही हं," तिने आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, बसायचं नाहीच, उभं राहून वाकायचंय. ती खिडकीपाशी उभी राहिली, मी जमिनीवर बसले, वर पाहिलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला. तेच कपाळ. तीच गालांची हाडं, पण वर ताजी, गच्च, उन्हात तापलेल्या फळासारखी त्वचा. पणजीची गोष्ट तिला मी काम करता करता सांगत होते. दातांतल्या फटीपाशी आले तशी ती किंचाळलीच.

"फट? मला पण होती! शाळेत तारा लावून बंद केली. आजी, सांग ना!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई, हो! आणि आम्ही म्हणत होतो हिच्या बापाकडून आली."

तिने मोबाइलमध्ये शाळेतला एक फोटो शोधून काढला. दोन वेण्या, युनिफॉर्म आणि समोरच्या दातांतून मोकळं हसू. मी तो फोटो इझलला चिकटवला. माझ्या आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कुठल्याच फोटोकडे पाहिलं नव्हतं.

नंतरचे दिवस कसे गेले, सांगता येणार नाही. रंगाच्या बोथट सुरीने मी म्हातारपण खरवडून काढलं. खालचा सिएनाचा थर तेवढा ठेवला. जबड्याखालून उजेड वर चढवला, गाल भरले, डोळ्यांखालच्या खाचा बुजवल्या. पदर तोंडावर धरायला तिचा हात निघाला होता, पण मी तो वाटेतच थांबवला, हनुवटीच्या थोडा खाली. हसू अजून झाकलं गेलं नव्हतं. सासू पाहत नव्हती आणि खाली पाटावर फक्त तिचा मुलगा होता. त्याच्यापासून दात कशाला लपवायचे? शेवटचा ब्रश दातांच्या मधल्या त्या बारीक काळ्या फटीवर टेकवला तेव्हा मी मोठ्याने "आलीस!" म्हणाले. गिरणीवाल्याने खालून विचारलं, "कोण आलं, ताई?"

काका आले ते धाकधुकीतच. मी चित्र मुद्दाम उंचावर टांगलं होतं आणि त्यांच्यासाठी खाली बुटकं स्टूल ठेवलं होतं. ते बसले. मान वर केली.

काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या, नात दाराशी. मग काकांनी हात वर केला, कॅनव्हासला लागणार नाही इतक्या अंतरावर थांबवला आणि म्हणाले,

"किती लहान होतीस गं तू."

आवाज वडिलांनी मुलीशी बोलावं तसा होता. पुन्हा म्हणाले, "एवढ्या वयात दोन पोरं, घर, सगळं. आणि हसत होतीस." काकूंनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. नात पुढे झाली आणि चित्राशेजारी उभी राहून मुद्दाम तशीच वाकली, तेव्हा रडता रडता सगळेच हसलो.

चित्र आता मनमाडला आहे, काकांच्या बैठकीत. दारातून आत येणाऱ्याला ते फार उंच लावल्यासारखं वाटतं. काका त्याला आधी खाली बसवतात आणि मग बघा म्हणतात.

मी फोटोवरून काम करणं अगदीच सोडलेलं नाही; घर चालवायचं असतं. पण आता कोणी फोटो घेऊन आलं की मी आधी आणणाऱ्याला खुर्चीत बसवते, त्याचं डोकं काढते, मग विचारते, तुम्ही त्यांना कुठून पाहत होता? काही चिडतात. काही मात्र बोलू लागले की थांबत नाहीत.

आणि गेल्या महिन्यापासून मी दर रविवारी सिन्नरकडे जाते. आजी ओट्यावर शेंगा घेऊन बसतात, मी अंगणात कॅनव्हास लावते. क्षणभर स्थिर राहत नाहीत त्या. मान इकडे, हात तिकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका. परवा एकदम गप्प झाल्या, ओठ आवळून, डोळे ताठ करून बसल्या. मी घाबरले. "आजी, काय झालं?"

दातांतल्या दातांत म्हणाल्या, "फोटूला गप बसायचं असतं ना?"

"नाही आजी, हा फोटो नाही. बोला तुम्ही."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि शेंग फोडत त्यांनी बहिणीच्या लग्नाची गोष्ट सुरू केली. मी ब्रश गेरूत बुडवला.